‘संग्रह’, ‘तोशाखाना’, ‘किताबखाना’ : राजघराण्याच्या ठेव्याला म्हणायचे काय?

प्रश्न : मुघलांची चित्रे आणि रत्ने यांबद्दल लिहिताना ‘शाही कलासंग्रह’ हा शब्द चालेल का? त्यामागची घराण्याची ‘महत्त्वाकांक्षा’ कशी मांडावी?

प्रतिसाद १ : चालेल, पण त्यात बरेच हरवते. दरबारात ही वेगवेगळी खाती होती. ‘जामा’ म्हणजे वस्त्र, त्यावरून जामदारखाना, म्हणजे वस्त्रांचे कोठार. मराठीत पुढे त्यात जडजवाहीरही आले. तोशाखान्यात आलेले नजराणे आणि द्यायच्या भेटी असत. किताबखान्याला ‘ग्रंथालय’ म्हटले की घोटाळा होतो, कारण सुलेखनकार, चितारी, जिल्दसाज (पुस्तकबांधणी करणारे) तिथेच काम करत. अकबरासाठी केलेल्या हम्झानाम्याची (हम्झाच्या साहसकथांच्या ग्रंथाची) कापडावरची सुमारे १,४०० चित्रे अशाच कारखान्यातली. जयपूरला चित्रांचा सूरतखाना आणि हस्तलिखितांचा पोथीखाना वेगळे होते. तेव्हा ज्या दरबाराबद्दल लिहायचे, त्याच दरबाराचा शब्द घ्यावा.

प्रतिसाद २ : ‘महत्त्वाकांक्षा’ एका माणसाची वाटते. घराण्यासाठी मी ‘दावा’ म्हणेन. मुघल स्वतःला मध्य आशियातल्या तैमूर या विजेत्याचे वंशज म्हणवत. ब्रिटिश म्युझियममधले तैमूर घराण्याचे चित्र पाहा. हुमायूनच्या काळात, १५५०च्या सुमारास, सुती कापडावर रंगवलेले. पुढच्या पिढ्यांनी त्याच चित्रात अकबर, जहांगीर, शाहजहान यांचे चेहरे घालून घेतले! जुने चित्र नुसते जपले नाही, त्यात स्वतःला पूर्वजांच्या पंक्तीत बसवले. शाहजहानची पदवीही तशीच : साहिबकिरान-ए-सानी. साहिबकिरान, म्हणजे शुभ ग्रहयुतीचा धनी, ही तैमूरची पदवी. सानी म्हणजे दुसरा.

प्रतिसाद ३ : ‘वारसा’ हा शब्दही जपून वापरावा. ‘तैमूर रूबी’ म्हणून ओळखला जाणारा ३५२.५ कॅरटचा खडा मुळात माणिक नाहीच, स्पिनेल (माणकासारखे दिसणारे वेगळे रत्न) आहे. फारसीत त्याला ‘लाल’ म्हणत. त्यावर जहांगीर आणि शाहजहान यांच्या नावांबरोबर इराणचा नादिरशहा आणि अहमदशाह दुराणी (अब्दाली) यांचीही नावे कोरलेली आहेत. जहांगीरकडून शाहजहानकडे गेला तो वारसा. नादिरशहाने १७३९च्या स्वारीत नेला ती लूट. नाव मात्र दोघांनी सारख्याच हौसेने कोरले, म्हणून कोरीव नावाला ‘मालकीची खूण’ म्हणावे, ‘वारशाची’ नव्हे.

प्रतिसाद २ : पटले. मग वाक्य असे होईल : ‘तैमूरच्या वंशाचा दावा मुघलांनी चित्रांत रंगवला, रत्नांवर मालकीची नावे कोरली.’