मदत हवी आहे: दाजींची पेन्शन जुनी की नवी?

मंडळी, कोल्हापुरातनं विचारतोय. आमचे दाजी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. भरतीची जाहिरात २००५ च्या उन्हाळ्यातली, पण ऑर्डर हातात पडली २००६ ला. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू, म्हणून नवी पेन्शन.

जुन्यात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली. नव्यात पगारातनं १० टक्के कपात, आणि पेन्शन किती ते साठलेल्या रकमेवर. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं, भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ आधीची असेल तर राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा एकदाच पर्याय दिला. तो महापालिकेला आपोआप लागतो, की वेगळा ठराव लागतो? आणि आता उशीर झालाय का?

दाजी म्हणतात, "बघू की निवांत." ताईचा मात्र रोज फोन! कुणी असा अर्ज केला असेल तर कागद कुठले जोडले, तेवढं सांगा.