उत्तर स्पेनमध्ये गाडीने कोण कोण भिजलंय? (अनुभव लिहा)

पाऊसखुळी
काल पहिला पाऊस झाला म्हणून माळ्यावरून रेनकोट काढले. नवऱ्याच्या निळ्या रेनकोटाच्या खिशात कागदाचा एक बोळा निघाला. शाई उडालेली, पण 'यानेस' एवढं वाचता आलं. पार्किंगची पावती, सप्टेंबर २०१८. मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

बिल्बाओला गाडी घेतली आणि सान्तिआगोला परत केली. अकरा दिवस, चार माणसं: आम्ही दोघं, तेव्हा बारा वर्षांचा लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई शाकाहारी. अंडं चालतं, पण घराबाहेर. (हा नियम कुणी केला ते विचारू नका.)

यानेसला पोचलो तेव्हा सव्वाचार वाजलेले. बंदराच्या धक्क्यावर रंगवलेले मोठाले काँक्रीटचे ठोकळे आहेत ना, ते बघायचे होते. पण तिकडे ज्याला 'ओर्बायू' म्हणतात तो पाऊस सुरू होता. पडतोय असं वाटत नाही आणि दहा मिनिटांत आतले कपडे ओले. पोटात कावळे. आणि तिथल्या हॉटेलांचं स्वयंपाकघर चारला बंद होतं ते थेट रात्री आठ-साडेआठला उघडतं, हे ज्ञान आम्हाला त्या दिवशी झालं. एका सिद्रेरियात (सिद्रा म्हणजे सफरचंदाची दारू, तिची खानावळ) बाईंनी आधी हात हलवून नाही म्हटलं, मग त्यांची नजर सासूबाईंच्या ओल्या पातळाकडे गेली. काही न बोलता आत गेल्या आणि बटाट्याचं जाडजूड आम्लेट घेऊन आल्या. तोर्तिया.

मग त्यांचा मुलगा सिद्रा ओतायला आला. बाटली डोक्याच्या वर, पेला मांडीपाशी, आणि नजर भलतीकडेच! सासूबाई ओरडल्या, "अगं, सगळं खाली सांडतंय त्याचं!" सांडू देतातच म्हणे. उंचावरून आपटली की तिला फेस येतो, तो जिरायच्या आत घोट संपवायचा. तळाशी थोडी ठेवायची आणि ओठ लागलेल्या कडेवरून जमिनीवर ओतायची, कारण पेला सगळ्यांत एकच. सासूबाईंनी चमचाभर चाखली आणि निकाल दिला, "ताकाची निवळ जास्त आंबली की अशीच लागते."

गुगेनहाइम संग्रहालय बघितलं, अल्तामिराचं गुहाचित्रांचं संग्रहालय बघितलं, तरी मला आठवतं ते हे. तुम्ही लिहा. कुठे भिजलात, कुठे उपाशी राहिलात.

घाटावरचा
इंडिकेटर द्यायला गेलं की वायपर. पहिले दोन दिवस कडक उन्हात वायपर हलवत फिरलो. बायको म्हणाली निदान काच तरी स्वच्छ झाली.
चौकातले गोल उलटे फिरायचे ते वेगळंच. एका गोलात तीन फेऱ्या मारल्या, प्रदक्षिणा म्हणून.

नारळीभात
@पाऊसखुळी ओलं पातळ नेसून स्पेन!! सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

बारक्या_डबा
पंप. गासोलेओ म्हणजे गॅसोलिन असणार, म्हणजे पेट्रोल, असं मी ठामपणे समजलो. गासोलेओ म्हणजे डिझेल. गासोलिना म्हणजे पेट्रोल. गाडी पेट्रोलची. नळी टाकीत घालणार इतक्यात शेजारच्या पंपावरच्या आजीबाई "नो नो नो" करत अंगावर धावून आल्या. त्या नसत्या तर माझा अनुभव 'परदेशात टोइंग' या धाग्यावर वाचला असता तुम्ही.

सुकटवाली
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आम्ही मालवणकडचे. गेतारियाला भर रस्त्यावर, हॉटेलच्या दाराबाहेर निखाऱ्यावर अख्खे मासे भाजतात. मीठ आणि तेल, बाकी शून्य. ना हळद ना तिरफळ. नवरा म्हणाला हे काय आजाऱ्याचं जेवण. मग बशी पुसून खाल्ली आणि पुन्हा मागवली.
गालिसियात पेर्सेबेस (खायची समुद्री कवचं) बघितलेत? खडकाला चिकटलेली, डायनासोरच्या नखांसारखी. ती काढायला माणसं लाटा फुटतात तिथेच दोर बांधून उतरतात, म्हणून महाग. आमच्याकडे बायका सुकतीला कोयती घेऊन कालवं काढतात ती आठवली. त्यांच्या पायांना झालेल्या जखमा कुणाला दिसत नाहीत आणि भाव पण मिळत नाही. असो. शिट्टी झाली.

शुद्ध_तूप
शाकाहारी मंडळी, काळजावर दगड ठेवून वाचा. "मांस नको" सांगितलं की हॅम घालून आणतात. "हॅम पण नको" म्हटलं की ट्यूना. मिश्र सॅलड मागवलं तर वर ट्यूनाचा डोंगर. पांढऱ्या टपोऱ्या शेंगदाण्यांची (चुकलं, घेवड्यांची) फाबादा शेजारच्या टेबलावर बघून डोळे भरून आले, दिसायला हुबेहूब आपली उसळ. पण आत चोरिसो, रक्ताचं सॉसेज आणि डुकराची चरबी. मी सात दिवस तोर्तिया आणि पाद्रोनच्या मिरच्यांवर काढले.

लवंगी
@शुद्ध_तूप त्या मिरच्यांबद्दल म्हणच आहे तिकडे: काही झोंबतात, काही नाही. वेटरने आम्हाला ती मोठ्या गंभीरपणे ऐकवली आणि आम्ही घाम पुसू म्हणून वाट बघत उभा राहिला. आम्ही कोल्हापूरचे. अख्खी ताटली संपली, एकही झोंबली नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी शेवटी खोटं खोटं "हा हू" केलं.

घाटावरचा
@लवंगी 😂😂 ह्यांना नमस्कार सांगा.

गुळपोळी
कुणी जळका चीजकेक केलाय का घरी? सान सेबास्तिआनच्या ला विन्या हॉटेलातला, १९९० पासून करतात तो. मी करते: अर्धा किलो क्रीम चीज, पाव लिटर क्रीम, ४ अंडी, २०० ग्रॅम साखर, चमचाभर मैदा. २१० वर, वरून काळा होईपर्यंत. मधे हललाच पाहिजे, घाबरून परत आत ढकलू नका.

शुद्ध_तूप
बिनअंड्याचा होईल का?

गुळपोळी
होईल. त्याला खरवस म्हणतात.

ढगातला
कोवादोंगाची तळी. उन्हाळ्यात स्वतःची गाडी वर नेऊ देत नाहीत, कांगास दे ओनीसहून बस घ्यावी लागते. घेतली. वर धुकं एवढं की तळ्याच्या काठावर उभं राहून "तळं कुठंय?" असं मी एका बाईंना विचारलं. त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. गायी दिसत नव्हत्या, घंटा ऐकू येत होत्या. दोन तास घंटा ऐकल्या आणि खाली आलो. माझ्याकडे पांढरे फोटो आहेत ४३.
दुसऱ्या दिवशी फुएन्ते देला मात्र लखलखीत ऊन. रोपवेचा पाळणा चार मिनिटांत साडेसातशे मीटर वर नेतो, मधे एकही खांब नाही. १८२३ मीटरवर लोखंडी जाळीचा सज्जा आहे, खाली सगळं आरपार दिसतं. त्याआधी पोतेसला जाताना एर्मिदाची घळ लागते, एकवीस किलोमीटर नुसता दगड, नदी आणि रस्ता. वरंध्याची सवय असलेल्या माणसानेही गप्प बसून चालवावी अशी.

पाऊसखुळी
@ढगातला पांढरे फोटो टाका की! आमच्या सासूबाई पाळण्यात डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. "मनोजवं"ला वर पोचलो.

अर्धी_वाट
मी गाडीने नाही, पायी. कामिनो देल नोर्ते, म्हणजे सान्तिआगोच्या यात्रेची उत्तरेकडची पायवाट. इरूनपासून सान्तिआगो आठशेच्या वर किलोमीटर, पण मी बिल्बाओला थांबले, गुडघा गेला. पिवळे बाण, पाठीवर शिंपला, अनोळखी लोक "बुएन कामिनो" म्हणतात. आपल्या वारीसारखंच.

घाटावरचा
वारीशी तुलना नको हो. वारीत पायाला फोड आला म्हणून कुणी टॅक्सी करत नाही.

सुकटवाली
करतात हो. आमच्या आत्याने जेजुरीला केली होती.

अर्धी_वाट
रस्ता गेर्निकातून जातो. तिथे एक दुपार बसले. गावावर बाँब पडले तो २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस होता. त्यांच्या सभागृहाजवळचा ओक बाँबमधून वाचला होता. तिथल्या ओकाखाली पूर्वीपासून राज्यकर्ते लोकांचे हक्क पाळायची शपथ घ्यायचे. त्याच्याही आधीच्या झाडाचं जुनं खोड खांबांच्या मंडपात जपलंय. शाळेची सहल आली होती, पोरं दंगा करत होती, कुणी गप्प करत नव्हतं. बरं वाटलं.

बारक्या_डबा
ए-८ बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मोंदोन्येदोच्या वर महामार्ग चढतो आणि थेट ढगात शिरतो. धुकं जास्त झालं की तेवढा तुकडा बंद करून जुन्या रस्त्यावर वळवतात. आम्हाला वळवलं. पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे, बाकी काही नाही. तासभर त्याच्या मागे. तो एका ढाब्यावर (त्यांचा ढाबाच तो) थांबला तर आम्हीही थांबलो, दुसरं करणार काय. ड्रायव्हरांसाठी 'मेनू देल दिया': तीन पदार्थ, पाव आणि वाईनची बाटली टेबलावरच. त्या वाईनचं आणि धुक्याचं गणित मला अजून कळलेलं नाही.
ह्या सगळ्यात कॅथेड्रल बीचची ओहोटी चुकली. भरतीला तिथे कमानीबिमानी काही नाही, नुसता समुद्र. आधी नोंदणी करून, वेळ बघून गेलो होतो.

नारळीभात
भाचा बिल्बाओला शिकायला चाललाय सप्टेंबरात. कुकर नेऊ दे का? चेक-इन बॅगेत चालतो ना?

सुकटवाली
चालतो. शिट्टी काढून वेगळी बांध.

गुळपोळी
गोडा मसाला डबल पिशवीत. माझ्या बहिणीचे सगळे स्वेटर वर्षभर आमटीसारखे वासाचे होते.

नारळीभात
बघण्यासारखं काय सांगू त्याला?

अर्धी_वाट
पोर्तुगालेतेचा टांगता पूल. १८९३चा. पूल वरच्या वर, खाली दोरांना लटकलेला पाळणा माणसं आणि गाड्या घेऊन नदी ओलांडतो. दीड मिनिटात पलीकडे. मी उगीच चार वेळा गेले-आले.

पाऊसखुळी
वासावरून आठवलं. काब्रालेसचं चीज. निळं, डोंगरातल्या गुहांमध्ये मुरवतात. आरेनासला अर्धा किलो घेतलं आणि गाडीत विसरलो. दोन दिवस. ऊन. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाला, "आजी, तुझे मोजे." बिचाऱ्या आजीने मोजे धुतले. वास तसाच. सान्तिआगोला गाडी परत करताना चारी काचा उघड्या, पाऊस आत येतोय. घेणाऱ्या मुलाने दार उघडलं, हुंगलं आणि हसून म्हणाला, "काब्रालेस." सही करून घेतली, पैसे कापले नाहीत.

ढगातला
त्या सिद्रेच्या संस्कृतीला डिसेंबर २०२४ला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ओतण्यासकट.

लवंगी
म्हणजे सांडणं हा वारसा. माझ्या मुलाला सांगते.

पाऊसखुळी
सासूबाईंना धागा वाचून दाखवला. ७७ पूर्ण. त्यांच्या दोन दुरुस्त्या आहेत. एक: पातळ नव्हतं, पंजाबी ड्रेस होता, पातळ दुसऱ्या दिवशी. दोन: चीज विसरला तो त्यांचा मुलगा, मोज्यांचा काहीही संबंध नव्हता आणि हे लिहून टाक म्हणाल्या. टाकलं.
पावतीचं काय करू विचारलं तर म्हणाल्या, "ठेव परत खिशात, पुढच्या पावसाळ्यात सापडेल."