चीनला जाण्याआधी अलीपे कसं तयार ठेवायचं?

प्रश्न
आई-बाबा पुढच्या महिन्यात दहा दिवस बीजिंग आणि शांघायला चाललेत. निघण्याआधी फोनवर अलीपेचं (तिथलं फोनने पैसे देण्याचं ॲप) नेमकं काय करून ठेवायचं? दोघांत एक खातं पुरेल का? रोख किती न्यावी?

प्रतिसाद 1
सगळं घरीच उरका. तिथल्या स्थानिक नेटवर्कवर गूगल चालत नाही, त्यामुळे प्ले स्टोअरही उघडत नाही. अलीपेमध्ये खातं काढून पासपोर्टच्या फोटोने ओळख पडताळणी करा. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. कार्ड जोडलं गेलं नाही तर आधी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते बघा. बहुतेकदा अडतं ते तिथेच.

दुसऱ्या बँकेचंही एक कार्ड जोडून ठेवा. परदेशातला व्यवहार संशयास्पद वाटला की बँक कार्ड थांबवते. ओटीपी घरच्याच नंबरवर येतो, म्हणून ते सिम काढू नका: त्यावर रोमिंग सुरू ठेवा आणि डेटासाठी ई-सिम घ्या.

प्रतिसाद 2
परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे शुल्क घेत नाही. त्यापुढे 3 टक्के, आणि तेही पूर्ण रकमेवर: 260 युआनच्या बिलाला 7.80 युआन. बँकेचं परकीय चलन शुल्क त्याहून वेगळं.

पैसे देण्याच्या दोन तऱ्हा आई-बाबांना आधीच दाखवून ठेवा. मोठ्या दुकानात आपला कोड दाखवायचा, गल्ल्यावरचा माणूस तो स्कॅन करतो. छोट्या दुकानात भिंतीवर चिकटवलेला कोड आपण स्कॅन करायचा, रक्कम टाकायची, पासवर्ड द्यायचा. हा कोड विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्याचा असला तर परदेशी कार्डाने पैसे जात नाहीत. पुन्हापुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, रोख द्या.

प्रश्नकर्ता
वीचॅट पेसुद्धा (वीचॅट या चिनी चॅट ॲपमधली पैसे देण्याची सोय) लागेल का?

प्रतिसाद 3
भारतात वीचॅटवर 2020 पासून बंदी आहे, तेव्हा अलीपेवरच भर द्या. टॅक्सी बोलावण्याची तिथली सेवा, दीदी, तीसुद्धा अलीपेमध्येच मिळते.

खाती मात्र दोघांची वेगळी हवीत. मेट्रोच्या फाटकावर प्रत्येकाला स्वतःचा कोड लागतो. अलीपेच्या वाहतूक विभागात शहर निवडलं की तो मिळतो. बीजिंगहून शांघायला गेल्यावर शहर बदलायला विसरू नका.

रोख पाचेकशे युआन पुरे, पण 10 आणि 20 च्या नोटांत. दुकानदाराने रोख नाकारणं तिथे बेकायदा आहे, तरी 100 च्या नोटेला सुट्टे मिळतीलच असं नाही.

आणि फोन बंद पडला तर पाकीटच बंद. पॉवर बँक भाड्याने जागोजागी मिळते, पण तीही फोननेच स्कॅन करून घ्यावी लागते! स्वतःची नेणार असाल तर तिच्यावर 3सी चिन्ह (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह) आहे ना ते बघा. ते नसलेली पॉवर बँक 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत नेऊ देत नाहीत.