मिरगाआधी घराचं छप्पर: तुमच्याकडे काय करता?

समुद्रपूर तालुका, वर्धा

रोहिणी नक्षत्र लागायला दहा-बारा दिवस उरलेत, म्हणून आताच विचारते. मागच्या वर्षी मे संपता संपता संध्याकाळी वावधान सुटलं आणि आमच्या सपरीवरची (पडवीवरची) चार टिनं उडून शेजारच्या कोठ्यावर पडली. बैल बाहेर होते म्हणून वाचले. वाराच तसा होता, असं सगळे म्हणाले. टिनं उचलून आणली तेव्हा मी भोकं पाहिली. ती गोल राहिली नव्हती, बोटभर लांबट झाली होती आणि काठाला जुना गंज होता. म्हणजे ती टिनं त्या दिवशी सैल झाली नव्हती, दोन-तीन वर्षांपासून हलत होती. आम्ही रोज त्याखाली बसून जेवत होतो.

मागच्या दोन खोल्यांवर अजून कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आहेत. टिन असो, कवेलू असो, धाबं (मातीचं सपाट छत) असो की स्लॅब, तुम्ही पावसाआधी काय पाहता, कधी पाहता, काय चुकलं होतं, ते सविस्तर सांगा. लहानसहान वाटलं तरी सांगा.

नागभीड तालुका, चंद्रपूर

आमचं घर देशी कवेलूंचं, आजोबांच्या वेळचं. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की घर फेरायला काढतो. फेरायचं म्हणजे वरवर फुटकं काढून दुसरं बसवणं नव्हे. एक पाखा, म्हणजे छपराची एक बाजू, पूर्ण उतरवायचा, उताणे कवेलू वेगळे, पालथे वेगळे, अंगणात रचून ठेवायचे. मग खरं दिसतं. उताण्या कवेलूत वर्षभराची धूळ, चिंचेचा पाला, चिमणीच्या घरट्याच्या काड्या बसून घट्ट झालेल्या असतात. आमच्याकडे फुटक्या कवेलूने जेवढं गळत नाही, तेवढं या साचलेल्या मातीने गळतं. नाली भरली की पाणी काठावरून आत उतरतं आणि आपण नसलेली फूट शोधत बसतो.

प्रत्येक कवेलू बोटाच्या गाठीने ठोकून पाहतो. खणकन वाजला तर ठेवायचा, बद्द आवाज आला तर बाजूला. खालची कमची (बांबूची पट्टी) अंगठ्याने दाबायची, पीठ पडलं तर किड्याने खाल्ली, बदलायची. कवेलू काडीने उलटवल्याशिवाय हात घालू नका, खाली विंचू असतात. माझ्या आईला असाच चावला होता, रात्र दवाखान्यात काढावी लागली.

आणि वानरं. काळतोंड्यांचा कळप एकदा आढ्यावरून धावला की आठवडाभराची मेहनत जाते. आम्ही आढ्याला आणि वळचणीला बाभळीच्या काट्या टाकतो, त्याने थोडाफार आवर बसतो. खरी अडचण वेगळीच आहे. गावातला कुंभार आता कवेलू घडवत नाही. घरकुल मंजूर झालेल्यांची जुनी घरं मोडतात, तिथून कवेलू विकत आणतो. शंभर-दोनशे जास्तीचे आणून ठेवा, ऐन श्रावणात मिळत नाहीत.

धानोरा तालुका, गडचिरोली

कमच्यांबद्दल सांगतो. बांबू पावसाळ्यात तोडलेला असेल तर तो वर्षभरात पोखरतो. दिवाळीनंतरचा, तीन वर्षांचा पक्का बांबू घ्या आणि पंधरा-वीस दिवस तळ्यात बुडवून ठेवा. त्यातला गोडवा निघून गेला की किडा सहज लागत नाही. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर आमच्या भागात बऱ्याच ग्रामसभा बांबूचं काम स्वतः पाहतात, त्यामुळे कोणत्या वेळचा बांबू आहे हे विचारून घेता येतं. बाजारातून आणणाऱ्यानेही विचारावंच.

दर्यापूर तालुका, अमरावती

टिनाचं मी सांगतो ताई, माहा धंदाच तो हाये. तुमची भोकं लांबट कायनं झाली? दिवसा टिन तापते, पसरते. राती थंडं होते, आखडते. हे रोजचं. त्यात बोल्टाखालचं वॉशर उन्हानं वाळून तडकते, बोल्ट ढिला होते, अन् टिन भोकाले घासत राह्यते. म्हून दरसाल वॉशर पाहाच लागते. नखानं दाबून पाहा, दबलं तर जिवंत हाये, चुरा झाला तर बदला.

बोल्ट टिनाच्या उंचवट्यावरच माराचा. खोलगट जागी पानी वाह्यते, तिथं भोक पाडलं म्हन्जे गळतीले आवतन देल्लं. जुन्या लांबट भोकात नवा बोल्ट घालू नका. दोन-तीन इंच सरकून नवं भोक पाडा अन् जुनं डांबरपट्टीनं बुजवा. खालच्या टिनावर वरचं टिन कमीत कमी सहा इंच चढलं पाह्यजे. वळचणीकडं अन् आढ्याकडं बोल्ट दाट पाह्यजेत, कारन वारा टिनाले कडेपासून उचलते. मंधात एकखांदा कमी असला तरी चालते, कडेले चालत नाही.

टिनावर दगडं ठेवता का? उतरवा. मी वादळानंतर कितीतरी घरी गेलो, टिन जागेवर अन् दगड खाली अंगनात, असं पाह्यलं. तिथं लेकरू असतं तं? वादळ येतानी दारं-खिडक्या लावून घ्या. आत शिरलेला वारा टिनाले खालून ढकलते, अन् वरून जानारा वारा ओढते. दोन्ही मिळून टिन जाते.

अन् हे काम सकाळी करा. नऊ-साडेनवाच्या आत खाली या. मे महिन्यात दुपारी टिनावर हात टेकवत नाही, अन् चक्कर आली तं धराले काहीच नसते.

पवनी तालुका, भंडारा

सिमेंटच्या पत्र्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझे बाबा दोन वर्षांपूर्वी पाला झाडायला चढले. पत्रा दिसायला धड होता. पाय बरोबर मधे पडला आणि बाबा थेट खालच्या चुलीजवळ. कमरेचं हाड मोडलं, सात महिने खाटेवर होते. जुना पत्रा उन्हापावसाने ठिसूळ होतो, वरून कळत नाही. त्यावर थेट पाय ठेवूच नका. निसणी किंवा रुंद फळी आडवी टाका, ती दोन पाइपांवर टेकली पाहिजे. बोल्टांची रांग दिसते, त्याखालीच पाइप असतो. खाली एक माणूस उभा हवाच, एकट्याने चढू नये. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, तो धुरळा फुप्फुसाला घातक. कापायचा-भोक पाडायचा झाला तर आधी पाण्याने भिजवा, नाकातोंडाला नीट मास्क बांधा, तुकडे अंगणात फोडत बसू नका.

आर्णी तालुका, यवतमाळ

एकच गोष्ट. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर टिनाच्या कडेला घासते का, ते जमिनीवरूनच पाहा. वाऱ्याने घासून रबर निघतं आणि ओल्या टिनात करंट उतरतो. आमच्या गोठ्यात त्याने म्हैस गेली. टिनावर काम करायच्या आधी लाइन बंद करून घ्या. वायरला स्वतः हात लावू नका, लाइनमनला बोलवा.

मेहकर तालुका, बुलडाणा

आमचं धाब्याचं घर आहे, सागाचे मयाल म्हणजे तुळया, त्यावर लाकडाच्या तुकड्यांचं किलचन, कडुनिंबाचा पाला आणि वर माती. माती गढीची पांढरीच लागते. काळी माती टाकली तर उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसात पाणी सरळ आत. पण मला जे सांगायचं ते वजनाबद्दल आहे. दरवर्षी गळलं की वर टोपलंभर माती, असं तीस-चाळीस वर्षं चालतं आणि मयालावर मातीचा डोंगर होतो. आमच्या काकांच्या घराचा मयाल याच ओझ्याने वाकला. यंदा आम्ही जुनी माती वीतभर खरवडून काढली, गवताच्या मुळ्या उपटल्या, घुशींची बिळं खणून ठोकून बुजवली, उतार पन्हाळीकडे आणला आणि मग नवा थर दिला. मयालाचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा, लाकूड तिथूनच कुजतं.

पहिला पाऊस ओसरला की आजी आम्हाला वर पाठवायची, ओलं धाबं पायांनी दाबत फिरायला. बारीक भेगा तेव्हाच मिटतात. वीज कडाडत असेल तर मात्र चढायचं नाही.

काटोल तालुका, नागपूर

घरकुलाचा स्लॅब आहे. पन्हाळाच्या पाइपाला जाळी नव्हती, पाला अडकून वर तळं साचलं आणि सज्जाजवळ ओल उतरली. आता मेमध्येच पाइप मोकळा करतो, भेगा खरवडून भरतो आणि एक दिवस एक रात्र पाणी साचवून खालून पाहतो.

मानोरा तालुका, वाशिम

छप्पर चांगलं असतानाच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आमची टिनं उडाली तेव्हा पंचनाम्याला माणूस नवव्या दिवशी आला. तोवर आम्ही ताडपत्री टाकून घर झाकलं होतं, म्हणून नुकसान दिसतच नाही म्हणाला. मोबाइलमधले आधीचे आणि त्याच रात्रीचे फोटो दाखवले, तेव्हा लिहून घेतलं. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये धरले होते. एवढ्यात छप्पर होत नाही, पण हक्काचे पैसे सोडू नये. तलाठी आणि ग्रामसेवक दोघांनाही लगेच लेखी कळवा, पोच घ्या.

समुद्रपूर तालुका, वर्धा

सगळ्यांचं वाचलं. आज सकाळी सहाला दीर टिनावर चढले, मी खाली उभी होते, लाइन बंद केली होती. सपरीच्या जुन्या टिनांवर 46 बोल्ट मोजले. त्यातले 11 नुसत्या बोटांनी फिरले. वळचणीच्या कडेचेच सात. दर्यापूरच्या भाऊंनी सांगितलं तसे सरकून नवे मारले, जुनी भोकं बुजवली. दगड नऊ होते, सगळे उतरवले. सर्व्हिस वायर टिनापासून हातभर लांब आहे, तेही पाहिलं.

मागच्या खोलीचा एक पाखा उतरवायचा आहे. फेरणारे बुधवारी येतो म्हणालेत. पवनीच्या ताई, बाबा आता कसे आहेत, चालतात का?