छर्रा नळीतून गेल्यावरही रायफल धरून ठेवायची ती कशाला?

दादरकर: लेक वर्षभर दहा मीटर एअर रायफल करतेय. सर सारखे सांगतात, "शॉट गेला तरी गाल उचलू नकोस, ठिपका बघत राहा." काल मी गणित मांडलं. छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटतो, नळी 42 सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे नळीतला मुक्काम चारेक मिलिसेकंद! आवाज ऐकून माणूस हलेपर्यंत दीडशे तरी जातात, तोवर कागदाला भोक पडलेलं असतं. मग शॉटनंतर तसंच धरून राहायचं, हा फॉलो-थ्रू कशासाठी? पोरीचे खांदे भरून येतात हो.

पार्लेकर: शंभर टक्के सहमत. पॉइंट टू टू (0.22 इंची) रायफलीत गोळी नळीत तीनेक मिलिसेकंद असते, लष्करी 7.62 मिलिमीटरच्या रायफलीत जेमतेम एक-दीड. तेवढ्यात कोण काय बिघडवणार? तो वेळ ट्रिगरच्या सरावाला द्या.

वरळी_50मीटर: साफ असहमत. आवाज ऐकून कोणी हलत नाही, हलणं आधीच सुरू झालेलं असतं. दादर आलं की लोकल थांबायच्या आत पाय दाराकडे वळतात ना, तसंच. नेम सेकंदाला 10 सेंटीमीटर सरकत असेल तर पाच मिलिसेकंदांत अर्धा मिलिमीटर जातो. दहा गुणांचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा! एका शॉटचे जास्तीत जास्त गुण 10.9, त्याचे 10.7 होतात, आणि पदकं दशांशावर जातात.
शिवाय धक्का. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर, रायफल पाच किलोची. गोळी 65 सेंटीमीटरची नळी ओलांडेपर्यंत रायफल मिलिमीटरचा तिसरा हिस्सा मागे आलेली असते. खांद्याचा दाब दर वेळी वेगळा पडला, तर गोळी वेगळीकडे जाणारच.

पार्लेकर: म्हणजे चूक आधीची. मग नंतर थांबून काय मिळतं?

वरळी_50मीटर: नंतर थांबायचं पक्कं असलं की शरीर आधी सैल पडत नाही. सेन्सर लावून पडद्यावर माझ्याच नेमाची रेघ पाहिलीय. ट्रिगर सुटायच्या आधीच खाली उजवीकडे घसरलेली. मला वाटत होतं, मी दगडासारखा उभा आहे.

दादरकर: रात्री लेकीकडून रिकाम्या रायफलीवर वीस शॉट करून घेतले, मी बाजूला बसून नळीचं टोक बघत होतो. सात वेळा टकच्या आधीच टोक झुकलं. माझं मत बदललं. मात्र सर दहा सेकंद धरायला लावतात, ते मला पटत नाही. दोन-तीन पुरेत. शनिवारी त्यांच्याशी बोलतो.