राजकीय पोस्ट बंद, सुप्रभात चालू

सेक्रेटरी: 🙏 सर्व सभासदांना सूचना. आजपासून सोसायटीच्या ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ खाली थेट अॅडमिनला अटक होते. रविवारच्या मेसेजमध्ये सविस्तर दिलेच आहे.

बी-७०३: काका, रविवारचा म्हणजे "दोन निळ्या टिक आणि एक लाल, म्हणजे सरकार कारवाई करणार" तोच ना? लाल टिक व्हॉट्सअॅपमध्ये नाहीच हो. एक करडी म्हणजे गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. संपलं.

ए-२०१ (वकील): आणि ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. प्रकरण मूळचं आपल्याकडचंच. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. कलम गेलं तरी पोलीस ठाण्यांतून ते लागतच राहिलं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं, की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

सी-५०४: म्हणजे कलम वारलं, पण तेरावं काही होईना 😄

सेक्रेटरी: विनोद बाजूला ठेवा. ॲडमिन मी आहे, जबाबदारी माझी.

ए-२०१ (वकील): नाही काका. गोंदियाचं प्रकरण होतं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला निकाल दिला. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा आधीपासून मिळून तसा हेतू होता हे दाखवावं लागतं. अॅडमिनच्या हातात काय, तर माणसं घेणं आणि काढणं, असं कोर्ट म्हणालं.

बी-७०३: पण तेव्हा अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी उडवता येत नव्हता. ती सोय २०२२ ला आली.

ए-२०१ (वकील): बरोबर, तेवढा युक्तिवाद समोरचा वकील करेल. पण बटण हाती आहे म्हणून हेतू सिद्ध होत नाही. मला धाकधूक वाटते ती फॉरवर्डवाल्यांची. २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या एका नट-नेत्याने महिला पत्रकारांबद्दलची घाणेरडी पोस्ट पुढे ढकलली. न वाचताच पाठवली, नंतर काढली, माफीही मागितली. तरी २०२३ मध्ये त्याच्यावरचा खटला रद्द करायला मद्रास उच्च न्यायालयाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही. तेव्हा खाली "जसा आला तसा पाठवला" लिहून सुटका नाही. दोन बाण आणि "अनेकदा फॉरवर्ड" दिसलं की जरा थांबा.

ए-१०२: मग सरकारवर टीका केली तर चालेल की नाही, एवढं सांगा.

ए-२०१ (वकील): चालेल. कोल्हापूरकडच्या एका प्राध्यापकांनी ३७० हटवण्याच्या दिवसाला स्टेटसवर काळा दिवस म्हटलं आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होतो ते बघायचं. ज्याला जिथेतिथे धोका दिसतो त्याच्यावरून मोजायचं नाही.

सी-५०४: आपल्या ग्रुपवर तो दुसराच नमुना जास्त.

ए-१०२: आणि तरी पोलिसांचा फोन आला तर?

ए-२०१ (वकील): घाबरून चॅट उडवू नका. मागचेपुढचे मेसेज हाच तुमचा बचाव असतो, शिवाय पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीस येते, नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३). ती लेखी मागा, दिलेल्या तारखेला हजर राहा. फोन घेतला तर पंचनाम्याची प्रत घ्या. आणि त्याच संहितेचं १७३(३) लक्षात ठेवा: तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवर जामनगरला गुन्हा लागला होता, त्यात २८ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या असल्या प्रकरणांत पोलिसांनी ही वाट धरणंच योग्य. अडचण एकच, कोर्टात जिंकेपर्यंत वर्षं जातात.

सी-५०४: काका, एक शंका. रोज सकाळी ६ ला कमळावर दवबिंदू आणि बाजूला नेत्याचा फोटो येतो, ती राजकीय की सुप्रभात?

सेक्रेटरी: ती शुभेच्छा आहे.

सी-५०४: आणि मी काल टँकरच्या बिलावरून नगरसेवकाला विचारलं, ते?

सेक्रेटरी: ते राजकीय.

बी-७०३: 😂😂 पूर्ण गप्पच करायचं असेल तर परवानग्यांमध्ये जाऊन मेसेज पाठवणं फक्त अॅडमिनपुरतं करा. मग गळतीची तक्रारही तुम्हीच टाका.

सेक्रेटरी: ठीक आहे. सूचना बदलतो: शिवीगाळ, धर्म-जातीवरून चिथावणी आणि खातरजमा न केलेले फॉरवर्ड नकोत. बाकी चर्चा चालेल. रविवारचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकतो.

बी-७०३: काका, त्याला जेमतेम अडीच दिवसांची मुदत असते. आज गुरुवार. आता तो फक्त तुमच्याच फोनवरून जाईल.