एका विमानामागं पांढरी रेघ, दुसऱ्यामागं काहीच नाही, असं का?

गोदाकाठ_परभणी:
सकाळी आभाळ निरभ्र असलं की एखाद्या विमानामागं लांबच लांब पांढरी रेघ उठते. थोड्या वेळानं त्याच बाजूनं दुसरं जातं, त्याच्यामागं काहीच नाही. इंजिनाचा धूर असेल तर सगळ्यांमागं दिसायला पाहिजे ना? गावात तर म्हणतात, पाऊस पळवायचं औषध फवारतात.

वारा_वावटळ:
धूर नाही, बर्फ आहे तो. १ किलो इंधन जळालं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ निघते. इंधनातला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वजन वाढतं. बाहेर उणे ४०च्या खाली थंडी असली की ही वाफ काजळीच्या कणांवर जमते आणि लगेच गोठते. दुर्बिणीतून बघा, रेघ इंजिनाला चिकटलेली नसते. वाफ गोठेपर्यंत विमान थोडं पुढं गेलेलं असतं, तेवढी फट दिसते.

फरक पडतो तो उंचीनं. आपल्याकडं ३३,००० फुटांवर उणे ३५च्या आसपासच असतं, ३९,०००वर मात्र उणे ५०च्या जवळ. मोबाइलवर विमानांचं ॲप उघडून दोन्हींची उंची ताडून बघा. नांदेडला उतरणाऱ्या विमानामागं रेघ दिसत नाही, तेही याचमुळं.

गोदाकाठ_परभणी:
पटलं. पण कधी रेघ लगेच विरते, कधी तासभर पसरत राहते. ते कसं?

लातूर_निरीक्षक:
वरच्या हवेतल्या ओलीमुळं. ए३२० हे आपल्याकडचं नेहमीचं प्रवासी विमान तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन जाळतं, म्हणजे किलोमीटरमागं जेमतेम साडेतीन-चार किलो पाणी. तेवढ्यात आभाळभर पट्टा होणार कसा? हवा कोरडी असली की बर्फाची वाफ होऊन रेघ मिनिटभरात जाते. ओल भरपूर असली तर बर्फाचे कण आजूबाजूची वाफ ओढून वाढतात आणि रेघेचा पातळ ढग होतो. त्यातलं बहुतेक पाणी हवेचंच, विमानाचं नाही.

औषधाचं म्हणाल, तर कृत्रिम पावसाचे प्रयोग आपल्याकडं २०१५ आणि २०१९ला औरंगाबाद विमानतळावरून झालेत. त्याला लहान, पंख्याचं विमान लागतं आणि ते भरल्या ढगापाशीच न्यावं लागतं; पंखांवरच्या रसायन भरलेल्या नळकांड्या तिथं पेटवतात. निरभ्र आभाळात त्या पेटवून काहीच हाती लागत नाही. गावात हे जरूर सांगा, कारण पावसानं ओढ दिली की ही अफवा फार जोरात फिरते.